मॅनेजरच्या मुलीची स्कॉलरशिप

आमचे हे मॅनेजर झाले ते शारजाच्या एका टायपिंग सेंटरमध्ये, वीस दिरहॅम मोजून. वीस दिरहॅम म्हणजे तेव्हाचे आपले दीडशेच्या आतलेच रुपये. एवढ्या स्वस्तात बढती मिळालेला दुसरा माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही.

झालं होतं असं, की हे एअर कंडिशनिंगची कामं घेणाऱ्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. गोडाउनात येणारा माल मोजून घ्यायचा, साइटवर जाणारा माल मोजून द्यायचा आणि मधल्या मध्ये एक व्हॉल्व्हसुद्धा इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही, हे यांचं काम. तीन वर्षं कंपनीच्या कॅम्पात आठ जणांच्या खोलीत काढल्यावर मला आणि मुलीला बोलावून घ्यायचं यांच्या मनात आलं. पण बायकोमुलांचा व्हिसा हवा तर नवऱ्याचा पगार ठरावीक आकड्याच्या वर लागतो आणि हुद्दाही जरा बरा लागतो, असा तिथला नियम. यांचं घोडं दोन्हीकडे अडलेलं. प्रत्येक कंपनीत सरकारी कचेऱ्यांच्या फेऱ्या मारायला एक माणूस असतो, त्याला पीआरओ म्हणतात. तो म्हणाला, हबीबी, एवढंच ना, यल्ला, म्हणजे चल. यांना टायपिंग सेंटरवर नेऊन त्याने कॉन्ट्रॅक्टवर अरबीत ‘मुदीर’ टाइप करून घेतलं, म्हणजे मॅनेजर, आणि पगाराचा आकडा जवळजवळ दुप्पट. हातात पडणारा पगार अर्थातच होता तेवढा राहिला. मालकाने सही ठोकली, कारण त्याच्या खिशाला काही झळ लागत नव्हती. पुढच्या महिन्यात मी सहा वर्षांच्या मुलीला घेऊन मॅनेजरची बायको म्हणून विमानातून उतरले.

आता उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू? मला ते आवडलं. आठ दिवसांत मी माहेरी पत्र टाकलं. पत्रात खोटं काहीच लिहिलं नाही. ‘यांच्या व्हिसावर मॅनेजर लिहिलंय’ एवढंच लिहिलं. त्यातला ‘व्हिसावर’ हा शब्द आईच्या डोळ्यांवरून घसरून जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. सहा महिन्यांत धाकट्या भाऊजींनी एका लग्नपत्रिकेत निमंत्रकांमध्ये यांचं नाव छापलं, आणि पुढे कंसात ‘मॅनेजर, दुबई’. राहत आम्ही शारजाला होतो, पण आमच्या गावात अख्खं आखात म्हणजे दुबईच.

मुलीच्या शाळेचा पहिला फॉर्म मीच भरला. हे ड्युटीवर होते. वडिलांचा व्यवसाय या रकान्यापाशी पेन जरा अडखळलं. पण फॉर्मला व्हिसाची झेरॉक्स जोडायची होती, तेव्हा कागदाला कागद जुळायला हवा, असं मी स्वतःला समजावलं आणि लिहून टाकलं. रात्री जेवताना यांना सांगितलं. पोरगी लहान आहे, मोठी झाली की सांगू तिला, असं हे म्हणाले. ती मोठी होत गेली, दर एप्रिलला नवा फॉर्म येत गेला, आणि पुढे पुढे तीच स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात ‘मॅनेजर’ लिहायला लागली.

हे सकाळी इस्त्रीचा फुल शर्ट घालून निघायचे. स्टोअरमधला खाकी कोट गोडाउनातल्या खिळ्याला टांगलेला असायचा. तो तिथेच अंगावर चढायचा, दर गुरुवारी तिथल्याच नळाखाली धुतला जायचा आणि तिथेच वाळायचा. इतक्या वर्षांत तो कोट घरी आला नाही. मुलीने कधी बाबांचं ऑफिस बघायचंय म्हटलं तर इंडस्ट्रियल एरियात ट्रकांची वर्दळ असते, तिथे मुलीबाळींनी काय जायचं, हे आमचं ठरलेलं उत्तर.

शारजातल्या अल मजाजला लगूनसमोर, म्हणजे खाडीच्या तळ्यासमोर, छान टॉवर आहेत. आम्ही त्यांच्या मागच्या रांगेत राहायचो. एका वन बेडरूम फ्लॅटमधली बेडरूम आमची, हॉल एका केरळी जोडप्याचा, आणि किचन सामाईक. मुलीच्या मैत्रिणींचे वडील मॅनेजर नसूनही त्यांच्या घरांना स्वतःचे हॉल होते. तिने याचा आपल्या परीने अर्थ लावला होता: आपले बाबा चिक्कू आहेत. शाळेच्या ट्रिपला नाही म्हटलं, वाढदिवसाला हॉटेल नाही म्हटलं, की ती म्हणायची, "बाबा इज सो स्टिंजी, आई." मी मराठीत बोलायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे तिथल्या सगळ्याच घरांत चालायचं. हे ऐकायचे, हसायचे आणि कबूल करायचे, की हो गं, आहेच मी चिक्कू. त्यांना त्याचं काही वाटत नाही, अशी माझी समजूत होती.

पैसे जायचे कुठे, तर गावी. स्टोअरकीपरच्या बहिणीचं लग्न साधेपणाने उरकलं असतं, पण मॅनेजरच्या बहिणीला बॅन्ड लागतो. स्टोअरकीपरच्या घराला पत्रे चालतात, मॅनेजरच्या घराला स्लॅब लागतो. दोन वर्षांनी एकदा गावी गेलो, की दोरीने आवळलेली खोकी फोडून मी साबण, सेंट, टॉर्च वाटत सुटायचे, आणि बायका माझ्या हातातल्या बांगड्या मोजायच्या. त्यातल्या चार कुणाकडून तरी घालायला आणलेल्या असायच्या. पण एवढं तर सगळेच करतात.

मुलगी बारावीत गेली आणि आमच्या थाटामाटाचं बिल आलं. पोरगी हुशार निघाली होती, कुणावर गेली कोण जाणे. तिला कॉम्प्युटर इंजिनीअरिंग करायचं होतं, तेही पुण्यात. परदेशातल्या भारतीयांच्या मुलांना तिथे वेगळ्या जागा असायच्या आणि फी डॉलरमध्ये. हे तो आकडा आधी डॉलरमध्ये मोठ्याने म्हणाले, मग दिरहॅममध्ये, मग रुपयांत. रुपयांत म्हटल्यावर उठून पाणी प्यायले. आमच्याजवळ होतं त्यात जेमतेम पहिलं वर्ष निघालं असतं, आणि पुढच्या तीन वर्षांचं नाव काढायची सोय नव्हती. स्कॉलरशिप मिळाली नाही तर पोरीला गावाजवळच्या कॉलेजात साध्या बीएस्सीला घालायचं, असं आम्ही दोघांनी ठरवून ठेवलं होतं. तिला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. ती खुशाल पुण्याच्या हॉस्टेलमध्ये कोणती चादर न्यायची याची यादी करत होती.

बर दुबईत मीना बाजारच्या मागे कापडाच्या जुन्या व्यापाऱ्यांचा एक ट्रस्ट होता. दर वर्षी काही मुलांची पूर्ण शिक्षणाची फी तो भरायचा. अट दुहेरी होती: मुलाला उत्तम मार्क हवेत, आणि वडिलांचा पगार साडेतीन हजार दिरहॅमच्या आत हवा. यांचा पगार दोन हजार सातशे, म्हणजे आपले चौतीस-पस्तीस हजार रुपये. बसत होतो की आम्ही. अगदी फिट्ट बसत होतो. फक्त तसं सांगणारा एकही कागद आमच्याकडे नव्हता.

ते फॉर्म वाटले गेले संक्रांतीच्या सुमाराला, आणि त्या वर्षीच्या हळदीकुंकवात मी जो प्रकार पाहिला तो जन्मात विसरणार नाही. एरवी कोपरापर्यंत बांगड्या भरून येणाऱ्या बायका नुसती काळी पोत घालून आल्या होत्या. ज्यांच्याकडे दोनच महिन्यांपूर्वी नवी जपानी गाडी आली होती त्या बाईंनी, कुणी विचारलं नसतानाही, गाडी कंपनीची आहे हो, असं तिघींना सांगितलं. दुसरीच्या नवऱ्याची नोकरी म्हणे जायच्या बेतात होती. दर वर्षी त्याला प्रमोशन मिळायचं. वाण म्हणून सगळीकडे प्लास्टिकच्या गाळण्या. एका संध्याकाळात अख्खं मराठी मंडळ दारिद्र्यरेषेखाली गेलं. आणि मीही काही मागे नव्हते. मी मुद्दाम जुनी साडी नेसले होते आणि पदराला पडलेलं भोक दिसेल अशा बेताने बसले होते.

मुलीला मात्र मी ही स्कॉलरशिप मार्कांची आहे असं सांगितलं. गरजूंसाठी आहे म्हटलं असतं तर तिने सहीच केली नसती. मागे एकदा शाळेत गरीब मुलांसाठी पुस्तकं गोळा करत होते, तेव्हा या बाईसाहेबांनी स्वतःचा कंपास बॉक्ससुद्धा देऊन टाकला होता. मॅनेजरची मुलगी ना ती.

आता प्रश्न पगाराच्या दाखल्याचा. हे पीआरओकडे गेले. पीआरओने सांगितलं, कॉन्ट्रॅक्टवर जे आहे तेच लिहून देईन. इमिग्रेशनला एक आकडा आणि तुम्हाला दुसरा असं केलं तर माझं खलास. दाखला आला. त्यात हे मॅनेजर आणि पगार पाच हजार. हे डोकं धरून बसले. मी गावी फोन लावला. आमचे भाऊजी म्हणजे असल्या कामात वाघ. ते म्हणाले, वहिनी, दादाचं भारतातलं उत्पन्न किती? मी म्हटलं, शून्य. मग झालं तर. आठवड्याभरात कुरिअरने तहसीलदाराच्या सहीशिक्क्याचा उत्पन्नाचा दाखला आला. त्यात हे शेतमजूर होते आणि वर्षाचं उत्पन्न अकरा हजार रुपये. अकरा हजारच का, शून्य का नाही, असं विचारलं तर भाऊजी म्हणाले, शून्य लिहिलं की संशय येतो.

मी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींवर गोल शिक्के, दोन्ही अस्सल. हे म्हणाले, दोन्ही एकत्र लावू नकोस, अंगाशी येईल. मी म्हटलं, तुम्हाला काय कळतंय? एका कागदावरून तुम्ही इथे नोकरी करता ते कळेल आणि दुसऱ्यावरून आपण गरीब आहोत ते कळेल. कागद जितके जास्त तितकी केस भक्कम. आणि मी दोन्ही स्टेपल केले. या बाबतीत माझ्याइतकी मूर्ख बाई शोधून सापडणार नाही, हे मी आता मान्य करते, पण तेव्हा माझ्या हुशारीचं मला फार कौतुक वाटलं होतं.

मग ट्रस्टचा माणूस घरं बघायला येणार असं कळलं. आमच्या वरच्या मजल्यावर मंडळातलं एक कुटुंब होतं, त्यांच्याकडे तो आधी जाणार होता. मुलगी शाळेत गेल्यावर त्या बाईंनी सकाळीच मायक्रोवेव्ह, व्हीसीआर आणि म्युझिक सिस्टीम आमच्या खोलीत आणून ठेवलं. तासाभराचा प्रश्न आहे, म्हणाल्या. तो माणूस त्यांच्याकडे पाच मिनिटंच बसला आणि जिन्याने सरळ आमच्याकडे उतरला. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत त्याला दोन मायक्रोवेव्ह, दोन व्हीसीआर आणि माझ्या उंचीची म्युझिक सिस्टीम दिसली. मी म्हटलं, एक बिघडलाय. कोणता, असं त्याने विचारलं, आणि मला चटकन बोट दाखवता येईना. त्यावर मी त्याला काजू-बेदाणे घातलेला शिरा खाऊ घातला. घरी आलेल्या माणसाला कोऱ्या चहावर परत पाठवायचं, एवढी गरिबी मला नाटकातसुद्धा जमेना. त्याने शिरा संपवला, बोटं पुसली आणि वहीत बरंच काही लिहिलं.

तरीही मुलाखतीला बोलावणं आलं. मुलीचे मार्कच तसे होते.

आम्ही तिघं शारजाहून बसने दुबईतल्या देऱ्याला आलो आणि तिथून अब्रा धरला. अब्रा म्हणजे खाडी ओलांडणारी साधी लाकडी होडी. मुलगी नवा सलवार-कमीज घालून मध्ये बसली होती आणि सगळ्यांत जास्त मार्क कुणाला असतील याचा अंदाज बांधत होती. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, वर उसना टाय. टाय लावू नका, असं मी बजावून सांगितलं होतं, पण पोरीने स्वतःच्या हाताने गाठ मारून दिल्यावर यांना नाही म्हणवेना.

पलीकडे बर दुबईत, देवळाच्या गल्लीत एका साड्यांच्या दुकानाच्या वर ट्रस्टचं ऑफिस होतं. टेबलामागे तिघं बसले होते. मधले शेठजी सत्तरीचे असतील, पांढरा शर्ट, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी मुलीला गणिताचं विचारलं, पुढे काय करायचंय ते विचारलं, आणि ती अशी काही बोलली की बाजूचे दोघे एकमेकांकडे बघून हसले. मला वाटलं, जिंकलं. मग शेठजींनी फाइल उघडली. एक कागद वाचला. पान उलटलं. दुसरा वाचला. पुन्हा पहिल्यावर आले. चष्मा काढून त्यांनी आमच्याकडे नाही, मुलीकडे पाहिलं.

"इधर मॅनेजर लिखा है, उधर खेतमजदूर," ते म्हणाले. "बेटी, तुम्हारे पिताजी करते क्या हैं?"

तिचा चेहरा पडला नाही, उलट ताठ झाला. आपल्या फाइलमध्ये कुणीतरी चुकून भलताच कागद घुसडलाय, असं तिला वाटलं असावं. बाबा मॅनेजर आहेत, असं तिने इंग्रजीत सांगितलं. हा दुसरा कागद आमचा नाही. ही स्कॉलरशिप मार्कांची आहे असं मला सांगितलं होतं, पगार बघून देत असाल तर आम्हाला नको. आणि उठून उभी राहत म्हणाली, "वी आर नॉट पुअर, सर. प्लीज गिव्ह इट टू समवन हू नीड्स इट."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी तिचा हात ओढून तिला खाली बसवायला बघत होते, आणि त्याच वेळी शेठजींना काय थाप मारावी याचा विचार करत होते. खरंच करत होते. भाऊ भाऊ एकाच नावाचे आहेत, इथपर्यंत माझी मजल गेली होती. तेवढ्यात हे बोलले. आयुष्यात यांनी माझ्याआधी बोलण्याची ती पहिलीच वेळ असेल.

"दोनों कागज झूठे हैं, शेठजी. मैं स्टोअरकीपर हूँ. सत्ताईस सौ मिलते हैं."

शेठजींनी विचारलं, याचा कागद आहे? हे म्हणाले, "नहीं. इसका कागज किसी के पास नहीं है."

मग यांनी सगळं सांगितलं, टायपिंग सेंटरपासून. सांगताना गळ्यातला टाय सोडवून घडी करून खिशात ठेवला. शेठजी ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, मी नुसत्या तोंडी गोष्टीवर चेक लिहू शकत नाही. ट्रस्ट माझ्या एकट्याचा नाही. पंधरा दिवस देतो, कंपनीचा खरा कागद आणा. मुलीचं नाव तोवर बाजूला ठेवतो.

परतताना अब्रात मुलगी माझ्याशेजारी बसली नाही. यांच्याही शेजारी बसली नाही. घरी येऊन तिने पांघरूण ओढून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एकदाची बोलली. मी ताबडतोब माझं वकीलपत्र काढलं, की बाळा, व्हिसासाठी करावं लागलं, नाहीतर आपल्याला इथे राहता आलं नसतं, सगळेच करतात. ती ऐकत होती. मग म्हणाली, "बट ॲट होम ऑल्सो, आई? विथ मी ऑल्सो?"

इमिग्रेशनचा माणूस काही आमच्या जेवणाच्या ताटावर बसलेला नव्हता. पुढे ती म्हणाली, की मी बाबांना चिक्कू म्हणायचे आणि ते हसायचे. एवढं म्हणून रडायला लागली, आणि मग मीही.

पुढचं मला यांनी सांगितलं. गुरुवारी दुपारी हे काउंटरवर खाली मान घालून स्लिपा लिहीत होते. रांगेत फोरमन उभे. एकाचं झालं की दुसरा. यांनी वर न बघताच विचारलं, साइट नंबर? उत्तर येईना म्हणून मान वर केली, तर समोर ही उभी, हातात जेवणाचा डबा. एकटीने टॅक्सी करून, चार ठिकाणी पत्ता विचारत आली होती. दोन तास ती एका खोक्यावर बसून बघत राहिली. कुणी काहीही मागितलं तरी हे वही न उघडता रॅकचा नंबर सांगतात, आणि खुद्द मॅनेजर केबिनमधून उठून यांना विचारायला येतो, हे तिने पाहिलं. निघताना खिळ्यावर टांगलेला यांचा बदलीचा खाकी कोट तिने प्लास्टिकच्या पिशवीत भरला. घरी आणून तो तिने स्वतः धुतला आणि आमच्या खिडकीत, केरळी शेजारणीच्या मुंडूशेजारी, म्हणजे त्यांच्या पांढऱ्या लुंगीशेजारी, वाळत घातला.

खरा कागद मिळवायचा एकच रस्ता होता. यांचा व्हिसा त्याच महिन्यात रिन्यू व्हायचा होता. पीआरओ म्हणाला, नव्या कॉन्ट्रॅक्टवर खरा हुद्दा, खरा पगार टाकू, कुणी विचारणार नाही. मग हवा तसा दाखला देतो. पण मदामचा व्हिसा मात्र खलास. मुलगी तर पुण्याला जाणारच होती. म्हणजे प्रश्न माझा एकटीचा होता.

हे नको म्हणाले. तीन दिवस नकोच म्हणत राहिले. पुन्हा बॅचलरसारखं राहायचं वय आहे का माझं, म्हणाले. मग बीएस्सीला घालू, म्हणाले. मी चिडले. मी म्हटलं, मला या वाळूत काय पुरून ठेवलंय? तुमच्या मॅनेजरकीने मला दिलंय काय, अर्धं किचन? हे मी बोलले खरी, पण रात्रभर मला त्या अर्ध्या किचनचीच आठवण येत राहिली. शेल्फवर ओळीने लावलेले माझे डबे, संध्याकाळी लगूनच्या कडेने फेरी मारताना यांनी घेऊन दिलेली मक्याची कणसं, शुक्रवारचा उशिरापर्यंतचा चहा. मला जायचं नव्हतं. अजिबात जायचं नव्हतं. आणि सकाळी उठून मीच पासपोर्ट काढून यांच्या हातात दिला.

टायपिंग सेंटर तेच होतं, टायपिस्ट मात्र नवा. त्याने जुना कागद बघितला, नवा बघितला आणि म्हणाला, इथे लोक वर चढायला येतात, खाली उतरायला आलेले तुम्ही पहिलेच. नक्की ना? यांनी मान हलवली. या खेपेला बढती उतरवायचे तीस दिरहॅम पडले.

पंधरा दिवसांच्या आत कागद शेठजींच्या टेबलावर गेला आणि चार वर्षांची फी मंजूर झाली. ज्या गरजूपणासाठी आम्ही एवढी सोंगं केली, तो आता पूर्णपणे खरा झाला होता. हे शेजारच्या अजमानला सहा जणांच्या खोलीत कॉट घेऊन राहायला गेले. माझे डबे केरळी शेजारणीने ठेवून घेतले. वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या मुलाला काही मिळालं नाही. त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं, आणि मी निघताना मायक्रोवेव्ह मागायला मात्र विसरल्या नाहीत.

गावी आल्यावर सगळ्यांनी विचारलं, कायमच्या आलात? का? विमानात मी ठरवून आले होते, सरळ सांगायचं, की मॅनेजरची बायको होते तोवर तिथे राहता येत होतं, आता स्टोअरकीपरची झाले, म्हणून आले. चांगलं वाक्य होतं. पण ओसरीवर दहा बायका जमल्या, त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, आणि माझ्या तोंडून आलं, मुलीच्या शिक्षणासाठी आले हो, यांना तिकडचा एवढा व्याप सोडून कसं येता येणार? भाऊजींनी कौतुकाने मान डोलावली. मुलगी तिथेच उभी होती. ती आत निघून गेली.

महिन्याभराने आम्ही दोघी पुण्याला ॲडमिशनच्या खिडकीपाशी उभ्या होतो. मागे लांबलचक रांग, पुढे एक घामाघूम झालेला क्लार्क. तो एकेक रकाना मोठ्याने विचारत होता आणि लिहीत होता. विद्यार्थिनीचं नाव, जन्मतारीख, पत्ता. ती सांगत होती. मग त्याने वडिलांचा व्यवसाय विचारला, आणि बारा वर्षांच्या सवयीने माझं तोंड तिच्याआधी उघडलं. "मॅने..." एवढं माझ्या तोंडून निघूनही गेलं होतं. तिने माझ्या हातावर हात ठेवला. रागाने नाही, हळूच ठेवला. आणि जी मुलगी घरात माझ्याशी कधी धड मराठी बोलली नव्हती, ती त्या खिडकीत वाकून स्वच्छ मराठीत म्हणाली, "बाबा स्टोअरकीपर आहेत. तसंच लिहा."

क्लार्कने मान वर न करता लिहून घेतलं आणि पुढचा रकाना विचारला.